गिरणगावाचे जुने फोटो: रस्त्यावरच्या गाड्यांवरून साल कसं काढायचं

प्रश्न असा आहे: लालबाग, परळ, भायखळा, शिवडी या भागांचे जुने कृष्णधवल फोटो हाताशी आहेत. बहुतेकांवर तारीख नाही. काहींच्या मागे पेन्सिलीनं 'मुंबई, साधारण १९५०' एवढंच लिहिलंय. रस्त्यावर मोटारी, ट्राम, बस, ट्रक, बैलगाड्या दिसतात. त्यांवरून फोटोचं साल काढता येईल का, आणि कितपत नेमकं?

काढता येतं. फोटो चांगला असेल तर दोन-तीन वर्षांपर्यंत, नशीब असेल तर काही महिन्यांपर्यंत. पण पहिल्याच पायरीवर बहुतेकांचा घोटाळा होतो. फोटोत १९३८ची शेवरोले ओळखली की फोटोला १९३८ साल चिकटवलं जातं. मोटार एवढंच सांगते, की फोटो तिच्या जन्माआधीचा नाही. ही झाली आधीची हद्द. फोटो कधीच्या नंतरचा नाही, ही नंतरची हद्द मोटारीवरून जवळजवळ कधीच मिळत नाही. ती मिळते रस्त्यावरून काढून टाकलेल्या गोष्टींवरून. दोन्ही हद्दी स्वतंत्रपणे शोधायच्या आणि मधला काळ जितका आवळता येईल तितका आवळायचा, एवढंच हे काम आहे.

मुंबईत हे विशेष सांभाळावं लागतं, कारण इथे गाड्या फार काळ टिकल्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ मध्ये बंद केला. फोर्डनंही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. देशात गाडी बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना सरकारचा पाठिंबा राहिला नाही आणि तयार परदेशी गाड्यांची आयात जवळपास थांबली. नवी गाडी मिळायची मारामार, म्हणून हातातली गाडी इंजिन बदलून, पत्रा ठोकून, पुन्हा रंगवून वर्षानुवर्षं चालवली गेली. महायुद्धाआधीची अमेरिकन मोटार १९६०च्या फोटोत टॅक्सी म्हणून उभी असेल, तर त्यात काहीच विचित्र नाही. म्हणून फोटोतली सगळ्यात जुनी गाडी बाजूला ठेवा आणि सगळ्यात नवी शोधा. साल तिच्याकडून येतं.

कामाला लागण्याआधी स्कॅनबद्दल थोडं. पोस्टकार्डाएवढा प्रिंट असेल तर १२०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), मोठा असेल तर ६००. निगेटिव्ह मिळाली तर प्रिंटच्या मागे लागू नका; पस्तीस मिलिमीटरची असेल तर ४००० डीपीआयपर्यंत जाऊन उपयोग होतो. ग्रेस्केल, १६ बिट, टिफ फाइल, आणि स्कॅनरचं आपोआप शार्प करणं बंद. वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून घेतलेला फोटो छपाईच्या ठिपक्यांचा बनलेला असतो, तो कितीही मोठा केला तरी ठिपकेच मोठे होतात. नंबरप्लेट खात्रीनं वाचायची तर अक्षराची उंची किमान दहा पिक्सेल तरी हवी. त्याखाली आपण वाचत नसतो, अंदाज करत असतो.

आणि एक कळकळीची विनंती: कृत्रिम बुद्धिमत्तेनं 'सुधारलेल्या' किंवा रंगवलेल्या प्रतीवरून काहीही ठरवू नका. ते सॉफ्टवेअर नसलेला तपशील स्वतः बनवतं. अंधूक प्लेटवर ते सुबक अक्षरं काढून देतं, ग्रिलच्या पट्ट्या मोजून बसवल्यासारख्या करतं, आणि त्यातलं काहीच मूळ फोटोत नसतं. अशा प्रती आता इतक्या फिरतात, की मूळ प्रत शोधणं हाच कामाचा अर्धा भाग झाला आहे.

आता नंतरची हद्द. गिरणगावाच्या फोटोंसाठी सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे ट्राम. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ मध्ये ती बंद झाली. ७ मे १९०७ला विजेची ट्राम आली. दुमजली ट्राम सप्टेंबर १९२० मध्ये. आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. म्हणजे रस्त्यावर चालती ट्राम दिसली की फोटो ३१ मार्च १९६४च्या नंतरचा नाही, हे पक्कं. दुमजली ट्राम दिसली तर दुसरं टोकही मिळालं. लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे सगळे मार्ग एकाच दिवशी बंद झाले नाहीत, एकेक करत बंद होत गेले. त्यामुळे १९६४ ही सगळ्या शहराची शेवटची तारीख आहे. तुमच्या फोटोतल्या रस्त्यावरची ट्राम त्याच्या बरीच आधी थांबलेली असू शकते.

फोटोत ट्राम नसून नुसते रूळ असतील तर त्यावरून काही म्हणू नका. ट्राम गेली तरी रूळ रस्त्यात राहू शकतात. वर बघा. तार आहे का? रुळांच्या बरोबर मध्यावर, दर रुळजोडीवर एकेक तार असेल तर ती ट्रामची. एकाच दिशेच्या वाटेवर, साधारण दोन फुटांच्या अंतरानं जवळजवळ धावणाऱ्या दोन तारा असतील तर ती ट्रॉलीबसची. ट्रॉलीबसला रुळांतून परतीची वीज मिळत नाही, म्हणून तिला दोन तारा आणि छतावर दोन दांडे लागतात. मुंबईत ट्रॉलीबस ११ जून १९६२ला गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद झाली. अशा जोडतारा दिसल्या की ठिकाण आणि काळ दोन्ही एकदम हाती लागतात. दुपदरी ट्राममार्गावरच्या दोन तारांना ट्रॉलीबसच्या तारा समजण्याची चूक मात्र होते, म्हणून आधी तारांमधलं अंतर पाहा.

बसच्या बाबतीत मोजके टप्पे पुरतात. बस १५ जुलै १९२६ला आली, दुमजली बस १९३७ मध्ये. ७ ऑगस्ट १९४७ला ही सेवा महापालिकेकडे गेली. त्याआधी नावात 'ट्रामवेज कंपनी' होतं, नंतर 'ट्रान्सपोर्ट' आणि 'अंडरटेकिंग' आलं. बसच्या किंवा ट्रामच्या कुशीवरची अक्षरं वाचता आली तर एवढ्या एका शब्दावर फोटो स्वातंत्र्याच्या या किंवा त्या बाजूला जातो. जुन्या दुमजली बसमध्ये इंजिनाच्या शेजारी ड्रायव्हरपुरती अर्धी केबिन असायची, डावीकडचा पुढचा भाग रिकामा दिसतो. पुढे वेगळा ट्रॅक्टर आणि मागे जोडलेला दुमजली डबा अशी ट्रेलर बस दिसली तर फोटो १९६७ किंवा त्यानंतरचा. एसटीची गाडी असेल तर १ जून १९४८च्या आधीचा प्रश्नच येत नाही. त्या दिवशी पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली.

नंबरप्लेट हा पुढचा आधार, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. १९३९च्या मोटार कायद्यानंतर मुंबई शहराच्या गाड्यांना 'बी-एम' आणि पुढे तिसरं अक्षर अशी मालिका होती, उदाहरणार्थ बी-एम-एक्स किंवा बी-एम-झेड, आणि त्यापुढे जास्तीत जास्त चार आकडे. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाल्यावर 'एम-आर'नं सुरू होणाऱ्या मालिका आल्या. १९७०च्या दशकात 'एम-एम'च्या मालिका रस्त्यावर भरपूर दिसतात. १ जुलै १९८९पासून नवा कायदा लागू झाला आणि एमएच-०१, एमएच-०२, एमएच-०३ अशी आज ओळखीची पद्धत सुरू झाली. म्हणजे 'एम-आर' दिसलं की फोटो राज्यस्थापनेनंतरचा. 'बी-एम' दिसलं की काहीच सिद्ध होत नाही, कारण जुनी गाडी जुनाच नंबर घेऊन पुढची कित्येक वर्षं फिरत राहते.

यात दोन खाचखळगे आहेत. तिसरं अक्षर वर्षांच्या क्रमानं वाढत गेलं असं धरू नका. अक्षरं निरनिराळ्या कार्यालयांना आणि वाहनांच्या प्रकारांना वाटून दिलेली असत. आणि १९८९च्या आधीही 'एम-एच' अधिक तिसरं अक्षर अशा मालिका होत्या. त्यामुळे अंधूक प्लेटवर 'एमएच' वाचलं म्हणून फोटो लगेच नव्वदच्या दशकात ढकलू नका. पुढे आकडे आहेत की अक्षर, ते पाहा.

प्लेटचा रंग तर प्लेट वाचता आली नाही तरी कामी येतो. त्या काळी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी, तर भाड्याच्या आणि मालवाहू गाड्यांची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी असत. आजच्या सवयीनं पाहिलं तर नेमकं उलटं वाटतं. म्हणून जुन्या फोटोत पांढरट पाटीची फियाट दिसली तर ती बहुधा टॅक्सी. खात्रीसाठी बॉनेटच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर आणि बाकीच्या अंगापेक्षा फिकट छप्पर शोधा.

आता प्रत्यक्ष मोटारी. परदेशी गाड्यांचं मॉडेल नावानिशी ओळखण्याचा अट्टहास सुरुवातीला सोडा. आधी अंगाच्या ठेवणीवरून दशक ठरवा. चाकाला लाकडी आरे, पितळी रेडिएटर, उभी सपाट काच: विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं. फोर्डच्या मॉडेल टीचा पितळी रेडिएटर १९१७च्या मॉडेलपासून काळ्या आवरणाखाली गेला. पुढच्या चाकांच्या आत ब्रेकचे ड्रम दिसतात का, तेही पाहा. विसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. तिशीत रेडिएटर ग्रिलच्या मागे लपला, काच मागे झुकली, आरे जाऊन पत्र्याची चाकं आली. तिशीच्या अखेरीस हेडलाईट सुटे न राहता मडगार्डमध्ये शिरू लागले. १९४९च्या फोर्डसारख्या गाड्यांत मडगार्ड आणि दरवाजे एकाच सपाट अंगात मिसळले आणि बाजूची लांब पायरी गेली.

चाळीच्या गॅलरीतून किंवा गिरणीच्या गच्चीवरून घेतलेल्या फोटोंत समोरचं तोंड दिसत नाही, फक्त छपरं दिसतात. तिथे एक छान खूण आहे. जनरल मोटर्सनं १९३५च्या मॉडेलपासून सलग पोलादी छप्पर आणलं आणि बाकीच्या अमेरिकन कंपन्यांनीही लवकरच तोच मार्ग धरला. त्याआधी छपराचा मधला भाग कापडी असे, कारण एवढा मोठा पत्रा एका ठोक्यात दाबणारे प्रेस नव्हते. वरून पाहिलं की छपराच्या मधोमध एक गडद, मंद चौकोन दिसतो आणि कडेनं चकाकता पत्रा. असा चौकोन असेल तर गाडी अमेरिकन पद्धतीची आणि साधारण तिशीच्या मध्याआधीची. ब्रिटिश गाड्यांना मात्र हे लावू नका, त्यांच्यात सरकतं छप्पर पुढेही बरंच चाललं.

अमेरिकन गाड्यांत आणखी एक पोकळी उपयोगी आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये तिथलं नागरी मोटार उत्पादन थांबलं आणि युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झालं. १९४२ची गाडी आणि १९४६ ते १९४८ची गाडी एकाच साच्यातली असते, फरक फक्त ग्रिल आणि चकचकीत पट्ट्यांचा. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी नावं निराळी, पण काही मॉडेल्सचं अंग एकच. तिथे नाव ठरवायचं तर फक्त नाकाकडे बघा. साल ठरवायचं असेल तर नावाची गरजही नाही.

फियाट आणि अँबॅसेडर या दोन गाड्यांवर मात्र वेळ घालवाच. १९५५ ते १९८५ या काळातल्या मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत त्या असतात, आणि त्यांचं अंग इतकी वर्षं तेच राहिलं, की लहानसहान फरकांवरच सगळी मदार आहे.

फियाट ११०० आपल्याकडे १९५४च्या सुमारास आली. तिच्या फुगीर पाठीमुळे आणि पुढे आलेल्या नाकामुळे लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला, म्हणजे मधल्या खांबाला बिजागरीनं अडकवलेले होते. दार बंद असलं तरी हे ओळखता येतं. बाजूनं फोटो असेल तर दारांच्या हँडलांकडे पाहा. डुक्कर फियाटमध्ये पुढच्या दाराचं हँडल दाराच्या पुढच्या कडेला असतं आणि मागच्या दाराचं मागच्या कडेला, म्हणजे दोन हँडलं एकमेकांपासून लांब पडतात. त्याच फियाटच्या नंतरच्या रूपात, म्हणजे पद्मिनीत, पुढच्या दाराचं हँडल मधल्या खांबाजवळ आलेलं असतं. मागच्या कोपऱ्यांवर वर उचललेले छोटे पंख असतील तर गाडी डुक्कर नव्हे, नंतरची. ११००-डी हे रूप १९६४ मध्ये आलं, आणि 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव १९७४पासून. पण अंग तेच. म्हणून नुसत्या आकारावरून '१९६४ नंतर' एवढंच म्हणा आणि पुढचं काम नंबरप्लेटवर सोपवा.

अँबॅसेडरच्या आधी, १९५४पासून, हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर होती. दोन्ही मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातल्या आणि लांबून सारख्याच. लँडमास्टरची पाठ गोल उतरते. १९५७-५८ मध्ये आलेल्या अँबॅसेडरच्या मागच्या मडगार्डांना हलके पंख आहेत आणि बॉनेटवर दाबून काढलेल्या खोलगट रेघा आहेत. १९६३च्या सुमारास मार्क टू आली, तिच्या तोंडावर बारीक चौकटींची जाळी. मार्क थ्री १९७५ची, मार्क फोर १९७९ची. समोरून घेतलेला एक स्पष्ट फोटो या चार टप्प्यांत बसवता येतो. मागून घेतलेल्या फोटोवरून मात्र मार्क वन आणि मार्क टू वेगळ्या करण्याच्या भानगडीत पडू नये.

गाडी अर्धी झाकली गेली असेल तर मापानं काम होतं. गाडी बरोबर बाजूनं दिसत असेल तर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला टायरच्या बाहेरच्या व्यासानं भागा. जीपमध्ये हा भागाकार २.९च्या आसपास येतो (अंतर ८० इंच, टायर साधारण २८ इंच). छोट्या फियाट ५०० मध्ये ३.३. पद्मिनी आणि अँबॅसेडर दोन्ही ३.७ ते ३.८, त्यामुळे त्या एकमेकींपासून अशा रीतीनं वेगळ्या होत नाहीत. युद्धोत्तर शेवरोले ४.१च्या पुढे जाते. गाडी थोडीही तिरकी असेल तर अंतर आखडतं पण चाकाची उंची तेवढीच राहते आणि भागाकार कमी येतो. म्हणून टायरचा व्यास नेहमी उभा मोजा, आणि चाक लंबगोल दिसत असेल तर ही पद्धत सोडून द्या.

जीपबद्दल एवढंच: ग्रिलमधल्या उभ्या फटी मोजा. नऊ असतील तर युद्धातली लष्करी गाडी, सात असतील तर युद्धानंतरची नागरी. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतच जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे सात फटींची जीप गिरणीच्या फाटकात, पोलिसांकडे, सगळीकडे भेटते.

मालवाहू गाड्यांत टाटांचा ट्रक हा मोठा मापदंड. डाइमलर-बेंझशी त्यांचा करार १९५४ ते १९६९ चालला आणि त्या काळातल्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांची चांदणी आहे. करार संपल्यावर चांदणी गेली, टाटांची खूण आली. चांदणी दिसली की १९५४ ही आधीची हद्द पक्की. नंतरची हद्द मात्र पुन्हा उघडीच, कारण ट्रकही वर्षानुवर्षं चालले. युद्धानंतर लष्करानं विकून टाकलेले आखूड, चपट्या नाकाचे ट्रकही शहरात राबले, तेव्हा लष्करी ठेवणीचा ट्रक म्हणजे युद्धकाळ असं समजू नका. त्याच्यावर माल कोणता आहे आणि प्लेट नागरी आहे का, ते पाहा. १९४६च्या फेब्रुवारीतल्या नौदलाच्या उठावाच्या वेळीही सैनिकांनी भरलेले ट्रक मुंबईच्या रस्त्यांवर होते.

खरा युद्धकाळ ओळखायचा तर हेडलाईटवर बसवलेली फटीची झाकणं शोधा, किंवा गाडीच्या मागे बांधलेला उभा गोल पिंप. तो कोळशावर चालणारा गॅस प्लांट. पेट्रोलचं रेशनिंग होतं तेव्हा बस, ट्रक आणि मोटारींना तो जोडला जाई. हेडलाईटचा नुसता वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असेल तर त्यावरून युद्ध ठरवू नका. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून तसं एरवीही करत.

तीनचाकी टेम्पो पन्नाशीच्या अखेरीपासून, मॅटाडोर सत्तरच्या दशकात. व्हेस्पाचा दिवा पुढच्या मडगार्डवर असेल तर जुनी, हँडलवर असेल तर नंतरची. रिक्षा मात्र फार मोलाची आहे, पण काळासाठी नव्हे, जागेसाठी. शहराच्या बेटावर, म्हणजे माहीम-सायनच्या दक्षिणेला, ऑटोरिक्षांना कधीच परवानगी नव्हती. 'परळ नाका' म्हणून आलेल्या फोटोत धावती रिक्षा दिसत असेल तर ते परळ नाही. तो उपनगरातला नाका आहे, आणि आधी ठिकाण दुरुस्त करावं लागेल.

बैलगाड्यांना लोक हात लावत नाहीत, आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. कापसाच्या गाठी गोदीतून आणि गोदामांतून गिरण्यांपर्यंत नेणारे खटारे, हातगाड्या, रिकाम्या बॉबिनांची खोकी वाहणाऱ्या गाड्या हा गिरणगावाच्या रस्त्याचा कणा होता, आणि मोटारींपेक्षा त्या जास्त संख्येनं दिसतात. चाकाला लाकडी आरे आणि लोखंडी धाव असेल तर काळाबद्दल फारसं कळत नाही, तसं चाक दीर्घकाळ चाललं. पण बैलगाडीला हवा भरलेले रबरी टायर असतील, तर ती गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतली नाही. गाठींवरचे शिक्के वाचता आले तर गिरणीचं नावही मिळू शकतं, आणि त्यावरून रस्ता.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पहिली, उलटी छापलेली निगेटिव्ह. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात आणि स्टेअरिंग उजवीकडे असतं. फोटोतल्या सगळ्या गाड्या उजवीकडून चालताना आणि डाव्या स्टेअरिंगच्या दिसत असतील तर दुकानांच्या पाट्या आणि पुरुषांच्या शर्टांच्या बटणपट्ट्या तपासा. एकच गाडी डाव्या स्टेअरिंगची असेल तर फोटो उलटा नाही, ती गाडी निराळी आहे. युद्धकाळात अमेरिकी सैन्याच्या गाड्या तशाच होत्या.

दुसरी, रंगांचा भास. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. त्यामुळे लाल बस जवळजवळ काळी येते, निळी गाडी पांढरट येते आणि पिवळा रंगही अपेक्षेपेक्षा गडद पडतो. तिशीच्या दशकात सगळे रंग टिपणारी फिल्म सर्रास झाली. म्हणून त्याआधीच्या फोटोत 'काळी गाडी' असं वर्णन लिहू नका, 'गडद' लिहा. हातानं रंगवलेल्या पोस्टकार्डांवरचे रंग तर पूर्णपणे रंगवणाऱ्याच्या मर्जीचे. शिवाय एकच फोटो वर्षानुवर्षं पोस्टकार्ड म्हणून विकला जाई, त्यामुळे टपालाच्या शिक्क्यावरची तारीख फक्त नंतरची हद्द देते.

तिसरी, प्रसिद्ध घटनेचं नाव चिकटवणं. गर्दीचा कोणताही फोटो संयुक्त महाराष्ट्राचा, मोर्चाचा कोणताही फोटो ८२च्या संपाचा, असं सर्रास होतं. इथे गाड्या निर्णायक ठरतात. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या निदर्शनांचा म्हणून दिलेल्या फोटोत पंखवाली अँबॅसेडर असेल, तर तो त्या दिवसाचा नाही. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. त्या पहिल्या दिवसांचा म्हणून दिलेल्या फोटोत मारुती ८०० दिसली तर मथळा चुकीचा, कारण पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ला ग्राहकाच्या हाती गेली.

सगळं एकत्र कसं बसतं ते एका नमुन्यावर पाहू. समजा दादरकडे जाणाऱ्या रस्त्याचा फोटो आहे. मध्ये ट्राम, डावीकडे युद्धाआधीची शेवरोले टॅक्सी, तिच्यामागे टाटांचा ट्रक, आणि समोरून येणारी अँबॅसेडर. मथळा 'साधारण १९५०'. शेवरोले काही सांगत नाही, ती बाजूला. ट्रकवर चांदणी आहे, म्हणजे १९५४ किंवा नंतर. मथळा इथेच पडला. अँबॅसेडरच्या तोंडावर बारीक चौकटींची जाळी, म्हणजे मार्क टू, म्हणजे १९६३च्या सुमारास किंवा नंतर. तिच्या प्लेटची पहिली दोन अक्षरं 'एम-आर', याच्याशी जुळतं. ट्राम प्रवाशांनी भरलेली आणि चालती, म्हणजे ३१ मार्च १९६४ किंवा आधी. पादचाऱ्यांच्या डोक्यावर छत्र्या आणि रस्ता ओला असेल तर १९६३चा पावसाळा. साधारण वर्षभराचा पट्टा मिळाला, आणि तो चार वेगवेगळ्या वस्तूंवर उभा आहे. त्यातली एक ओळख चुकली तरी बाकीच्या तीन तपासायला हाताशी राहतात.

नोंद करतानाही असंच लिहा. 'साधारण १९६३' असं एकच साल न टाकता दोन्ही हद्दी, प्रत्येकीचा आधार आणि फोटोतली जागा लिहा: '१९६३ ते मार्च १९६४, आधीची हद्द: मार्क टू अँबॅसेडरची जाळी, उजवीकडे खाली, नंतरची हद्द: चालती ट्राम, मध्यभागी'. प्लेट अर्धवट वाचली असेल तर न वाचलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाचं अक्षर नको. जुना मथळा खोडू नका, 'मूळ मथळा' म्हणून तसाच शेजारी ठेवा. साल चुकलं असलं तरी त्यात फोटोग्राफरचं किंवा रस्त्याचं नाव बरोबर असू शकतं.